आतून धरणारा माणूस

मालेगाव (जहाँगीर),
२९ ऑगस्ट २०२५

श्री. पुंजाजी यांस,
जयजिनेंद्र आणि रामराम.

परवा संवत्सरी झाली. वर्षभरात माझ्याकडून तुमचं किंवा विहीणबाईंचं मन कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम. दरवर्षी ही कार्डं भागिरथी लिहायची आणि खाली माझी नुसती सही घ्यायची. तिला जाऊन दीड वर्ष झालं. यंदा मीच बसलो. बाकीच्यांना दोन ओळींत उरकलं, पण तुमच्या कार्डावर पेन थांबेना, म्हणून हा मोठा कागद घेतला.

आपण व्याही झालो त्याला चार वर्षं झाली आणि भेट झाली दोनदा. एकदा पुण्याला, श्रेयांस-शुभांगीच्या लग्नाच्या जेवणात. एकदा भागिरथी गेली तेव्हा. पहिल्या वेळी गर्दी होती, दुसऱ्या वेळी मला बोलवत नव्हतं. फोन करावा तर माझे कान गेलेले. यंत्र लावलं की यंत्राचीच शिट्टी ऐकू येते. म्हणून पत्र.

आता हसू नका. माझ्या दुकानामागच्या तुरीच्या गोदामात एक विमान आहे. खेळण्यातलं नाही, दोन माणसं बसतील असं. अमेरिकेतली एक कंपनी भोकं पाडलेले पत्रे, सुटे भाग आणि नकाशांचं बाड पाठवते, आपण घरी जोडायचं. श्रेयांसने लग्नाच्या आधी मागवलं होतं. शेपूट आणि धड आलं, पंखांची पेटी मागवायच्या आतच त्याला कॅनडाची नोकरी लागली आणि दोघं गेली. मग ते आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी हाती घेतलं. दुसरं काय करणार होतो?

धड म्हणजे पत्र्याची लांब पेटी, शेपटीकडे निमुळती होत गेलेली. पत्र्याला पत्रा रिवेटने जोडायचा. आणि रिवेट एकट्याने बसत नाही. बाहेरून एकाने हवेच्या बंदुकीने ठोकायचं आणि आतून दुसऱ्याने लोखंडाचा ठोकळा नेमका त्याच्यामागे दाबून धरायचा. त्याला डॉली म्हणतात. आत माणूस नसेल तर बाहेरच्याने जन्मभर ठोकलं तरी काही धरत नाही. भागिरथी चणीने लहान. पदर खोचून शेपटीत शिरायची, डॉली धरायची आणि आत पडल्यापडल्या णमोकार म्हणायची. ती गेली आणि शेपटीवरचा शेवटचा पत्रा तसाच राहिला.

श्रेयांसने निरोप पाठवला आहे. डिसेंबरात येतो, हैदराबादला एक घेणारा मिळाला आहे, त्याला सगळं देऊन टाकू आणि गोदाम रिकामं करू. त्याला वाटतं पेट्या धूळ खात पडल्या आहेत. मला त्याच्यासमोर पुरं झालेलं धड उभं करायचं आहे. ते पाहिलं की तो विकायचा नाही, पंख मागवून जोडायला राहील, असं मला वाटतं. महिनाभर राहिला तरी पुरे. त्याच्या मनात पंख आहेत आणि माझ्या घरात बोलायला माणूस नाही, एवढाच हिशेब आहे.

गावात विचारून पाहिलं. वेल्डिंगवाला भाऊसिंग येऊन बघून गेला. म्हणाला, "शेठ, तुमी आत जा, मी भायेरून ठोकतो." सगळ्यांना बंदूकच हवी, आत जायला कोणी तयार नाही. माझं पोट आत मावत नाही.

शुभांगीकडून तिकिटाची तारीख कळली तर कळवा. विमानाचं मात्र पोरांना सांगू नका.

आपला,
कांतीलाल

---

इंझोरी,
६ सप्टेंबर २०२५

शेठजींना पुंजाजीचा रामराम.

पत्र पोचलं. मी सातवी शिकलो, पण अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, सांभाळून घ्या. माफी कशाची मागता? मन दुखवायला आधी भेट तर झाली पाहिजे.

तिकिटाचं मला ठाऊक नाही. पोरगी रविवारी तिच्या मायशी बोलते, मी बाजूला वांग्याची देठं कापत ऐकतो. तिकिटाची गोष्ट निघाली नाही. विमानाचं मी कोणाला बोललो नाही. फक्त तुमच्या विहीणबाईला, गोजराबाईला बोललो, कारण पत्र वाचून मी हसलो आणि ती समोर होती.

आता कामाचं. मी वजनाला शेळीएवढा आहे. तरुणपणी गावातल्या विहिरींचा गाळ काढायला मलाच दोर बांधून सोडत, अंधाराची आणि अडचणीची भीती नाही. गुरुवारी आमच्या मळ्याला दिवसाची लाईट नसते, पाणी देणं बंद. शेलूबाजारला गाडी बदलून तुमच्याकडे येतो. आतून धरायचं काम मी करतो. बंदूक तुम्हीच चालवा.

एक अट आहे, राग मानू नका. लेकीच्या ओटीत लेकरू येईपर्यंत तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत आहे. माझ्या बापाने पाळली, मीही पाळतो. भाकर आणि पाण्याची बाटली घेऊन येईन. तुमच्या घरात काही कमी आहे म्हणून नाही, माझी रीत म्हणून.

गोजराबाई म्हणाली, "काहून जी, त्याहीच्या घरचं पानी पेयाचं नाही, अन् त्याहीच्या विमानात जाऊन झोपाचं? हे कोन्तं शास्तर?" तुम्हाला उत्तर सुचलं तर सांगा.

आपला,
पुंजाजी

---

मालेगाव,
१३ सप्टेंबर २०२५

प्रिय पुंजाजी,

मला शेठजी लिहू नका. दुकान भाड्याने दिलं, आता मी कोणाचाच शेठ नाही.

परवा तुम्ही गेलात आणि गोदामात किती तरी वेळ माणसाचा वास होता. घामाचा, तंबाखूचा आणि मेथीचा. मला बरं वाटलं. समोरासमोर तुम्ही ओरडता आणि मी न ऐकता "हो हो" म्हणतो, तेव्हा खरं बोलणं पत्रातच होईल असं दिसतं.

आधी तुमच्या पिशवीचं. तुम्ही एवढ्या प्रेमाने मळ्यातले कांदे, मुळे आणि गाजरं आणलीत. पुंजाजी, आम्ही जमिनीखालचं काही खात नाही. त्यात चातुर्मास, म्हणजे पालेभाजीही बंद, मेथीलाही हात लावता येईना. शेजारच्या चंदाबाईला सगळं दिलं. तिने विचारलं, "इवायानं धाडलं का? मंग दर हप्त्याले बोलवा त्याहिले!"

पहिल्या दिवशी बरेच रिवेट वाकडे बसले, तो दोष माझा. तुम्ही आतून "थांबा" म्हणालात ते मला ऐकू आलं नाही. गडबडीत खूण सांगायची राहून गेली, म्हणून लिहून देतो. मी एक हात बंदुकीवर आणि दुसरा हात पत्र्यावर सपाट ठेवतो. तुम्ही आतून डॉलीने पत्र्यावर टकटक करा, ती माझ्या तळहाताला कळते. एक टकटक म्हणजे नीट बसला, पुढे चला. दोन म्हणजे बिघडला, थांबा. तीन म्हणजे पाणी हवं.

ही भागिरथीची खूण. माझ्या कानांवर तिने शोधलेला उपाय. पुढे पुढे ती घरातही वापरायला लागली. ताटावर एक वाजवलं की भाजी जमली, दोन वाजवलं की मीठ विसरले. रात्री मला झोप लागत नसली की पाठीवर एकदाच बोट वाजवायची. आता घरात काही वाजत नाही. वाजलं तरी मला कळत नाही, ते वेगळं.

तुमची रीत मी मानतो. पण खरं सांगू? तुम्ही दारात बसून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायलात, तेव्हा मला माझ्याच घरात पाहुणा असल्यासारखं झालं. घरात लेकरू नाही हे मला कोणी सांगायची गरज नाही. बाटली बघूनच कळतं.

गुरुवारी वाट पाहतो.

तुमचा,
कांतीलाल

---

इंझोरी,
२४ सप्टेंबर २०२५

कांतीलालजींना रामराम.

कांद्याचं वाचून गोजराबाईने मला दिवसभर जेवू दिलं नाही, म्हणजे बोलून बोलून. "इवाई जैन हायेत हे तुमाले लग्नात नाही समजलं? ताटात कांदा होता का?" मी लग्नात पुरणपोळीकडे पाहत होतो, कांद्याकडे नाही. गेल्या गुरुवारी दोडके आणि वालाच्या शेंगा आणल्या त्या चालल्या ना?

खुणा लक्षात ठेवल्या. एक आणि दोन मला पुरेत. तिसरी मला लागायची नाही, बाटली सोबत असते.

शेपटीत पडलो की वरती बंदूक वाजते आणि सगळं अंग विहिरीतल्या बादलीसारखं थरथरतं. पण मधल्या वेळात आत फार शांत असतं. विहीणबाई आत काय विचार करत असतील असं मनात आलं. आतल्या एका पट्टीवर कुंकवाचं बोट लागलेलं आहे, तुम्हाला माहीत आहे का? कपाळ टेकलं असेल. मी ते पुसलं नाही, पाठ सांभाळून सरकतो.

एक सांगतो. तुम्ही फार घाई करता. जेवण सोडून ठोकत बसता, मग रिवेट वाकडे बसतात. डिसेंबर काय आणि संक्रांत काय, काम आहे ते होईल. जिवाला जपा. जिवाला जपायचे दिवस आहेत.

गोजराबाई जुनी लुगडी काढून गोधड्या शिवते आहे, घरभर चिंध्या. मी विचारलं तर म्हणते, थंडी येईल. तिला कोण बोलणार?

आपला,
पुंजाजी

---

मालेगाव,
४ ऑक्टोबर २०२५

पुंजाजी,

या गुरुवारी तुम्ही आला नाहीत. दसरा होता, समजू शकतो. पण तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला त्यातून एकच दिसतं आहे. "घाई करू नका", "काम आहे ते होईल". माणसाला नाही म्हणायचं जिवावर येतं तेव्हा तो असं लिहितो. तुम्हाला यायचं नसेल तर सरळ लिहा. तुमचं वय आहे, एस.टी.चे धक्के आहेत, आणि विमान माझं आहे, तुमचं नाही.

काल श्रेयांसचा फोन आला होता, चेहरा दिसतो तसला. त्याचे ओठ बघून मला थोडं समजतं. डिसेंबरचं विचारलं तर मान धड होय नाही की नाही नाही. शुभांगी समोर आलीच नाही. मागे सावली हलली, पण ती आली नाही. याआधीही असंच. मागच्या दिवाळीला ती मला फराळाचं ताट दाखवत होती, चकली मोडून आवाज ऐकू आला का म्हणून हसत होती. आता माझ्याशी बोलायला तिला नको वाटतं. माझं काय चुकलं ते मला कळत नाही. संवत्सरीला तिलाही क्षमा मागितली होती, त्यावर नुसते हात जोडलेलं चित्र आलं.

तुम्हाला खरं सांगतो, कारण दुसरं कोणी नाही. मी सूर्यास्ताआधी जेवतो, मग गोदामात जाऊन धडाजवळ खुर्ची टाकून बसतो. दिवा लावत नाही, पाखरं येऊन मरतात. हात पत्र्यावर ठेवून बसतो. पत्रा थंड असतो. आमच्या शिरपूरचा देव जमिनीला न टेकता अधांतरी आहे म्हणतात, माझं विमान मात्र लाकडी घोडीवर टेकलं आहे आणि मी विमानाला. पुंजाजी, मला एकटं राहता येत नाही. हे मी मुलाला लिहू शकत नाही, तो आपला संसार सोडून येईल किंवा येणार नाही, दोन्ही मला नको.

धड पुरं झालं पाहिजे. तेवढं एकच माझ्या हातात आहे.

कांतीलाल

---

इंझोरी,
१३ ऑक्टोबर २०२५

कांतीलालजी,

तुमच्या पत्राने दोन दिवस घास गोड लागला नाही. मला यायचं नसतं तर मी पहिल्याच पत्रात सांगितलं असतं. आम्ही मळ्यातली माणसं, नको असलेलं रोप वाफ्यात ठेवत नाही. त्या गुरुवारी गोजराबाईला घेऊन कारंज्याला दवाखान्यात गेलो होतो, गुडघ्याचं दुखणं.

पोरगी तुमच्यावर रागावलेली नाही. हे मी तिचा बाप म्हणून लिहून देतो. तुमच्याबद्दल तिच्या तोंडून वाकडा शब्द कधी निघाला नाही. उलट रविवारी पहिलं तेच विचारते, मामंजी जेवतात का, मामंजींचं बरं आहे का. ती समोर का येत नाही ते मला विचारू नका. काही गोष्टी माझ्या पोटात आहेत, पण मी शब्द दिला आहे, आणि शब्द दिलेल्या माणसाला तुमच्यासारख्याने अडचणीत टाकू नये. वाईट काही नाही. इतकंच समजा आणि झोपा.

दिवाळी झाली की एकही गुरुवार चुकवणार नाही. विमान तुमचं आहे खरं, पण शेपटीतली जागा आता माझी आहे. तिथे माझ्या कोपराचा पोचा पडला आहे.

घाई करू नका असं आता लिहीत नाही. पण जेवत जा.

पुंजाजी

---

मालेगाव,
२९ नोव्हेंबर २०२५

प्रिय इवाई,

गुरुवारी तुम्ही शेपटीच्या आत होतात, म्हणून बाहेर काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, पाणी आणायला गेलेला माणूस मेला की काय. म्हणून लिहितो.

तुम्ही सकाळी आलात तेव्हाच मला वेगळं वाटलं होतं. पिशवी नव्हती, बाटली नव्हती, आणि डोक्यावर लग्नातली टोपी होती. मी म्हटलं, टोपी का? तुम्ही काहीतरी ओरडलात, मी "हो हो" म्हणालो. मग तुम्ही टोपी खुंटीला अडकवून आत शिरलात आणि आपण कामाला लागलो. रिवेट बसत गेले. एक टकटक, एक टकटक. हात पुढे सरकत होता. मला वाटत होतं की आज ओळ संपते.

मग तीन टकटकी आल्या.

मी हात उचलला. इतक्या दिवसांत तळहाताला तीन लागलेल्याच नव्हत्या. वाटलं, डॉली हातातून निसटली. मोठ्याने विचारलं, "बिघडला का?" पुन्हा तीन. सावकाश, एकेक मोजून दिल्यासारख्या. मी बंदूक ठेवली आणि स्वयंपाकघरात गेलो. पाय सवयीने गेले. भागिरथीने तीन वाजवलं की मी असाच जायचो. माठावरचं झाकण काढलं, गाळलेलं पाणी लोट्यात ओतायला लागलो, आणि ओतता ओतता तुमचं पत्र आठवलं. तिसरी मला लागायची नाही.

पुंजाजी, लोटा भरून वाहत होता आणि मी ओततच होतो. पाणी पायावर पडलं तेव्हा कळलं. मग एकेक सगळं समजत गेलं. शुभांगी समोर का येत नव्हती. विहीणबाई कोणत्या थंडीसाठी गोधड्या शिवत होत्या. जिवाला जपायचे दिवस कोणाचे होते. मी इतका व्यापार केला, समोरच्याच्या डोळ्यांवरून भाव ओळखायचो, आणि हे मला ओळखता आलं नाही. सगळा अर्थ मी स्वतःकडेच ओढत राहिलो. एकट्या माणसाला तीच खोड लागते.

त्या लोट्यातलं पाणी देववेना. फडताळावरून भागिरथीचा चांदीचा पेला काढला, राखेने घासला, म्हणून वेळ लागला. ती असती तर पेढा घेऊनच धावली असती. मला रडू आलं तेही लिहून टाकतो, तुमच्यापासून आता काय लपवायचं?

परत आलो तर तुमचं डोकं शेपटीच्या तोंडाशी, केसांत पत्र्याचा चुरा. पेला द्यायच्या आधी मला विचारायचं होतं. पण तुम्ही बोललात आणि मला ऐकू आलं नाही तर? म्हणून हात पत्र्यावर सपाट ठेवला आणि विचारलं, "पोर बरी आहे? लेकरू बरं आहे?"

तुम्ही एकदाच वाजवलंत.

पेला रिकामा करून तुम्ही कागदावर लिहून दिलंत तो कागद मी वहीत नाही, खिशात ठेवला आहे. मुलगी आहे, दोघी सुखरूप आहेत. आधी दोनदा आशा लागून मोडली होती, त्यातली एक भागिरथीच्या जाण्याच्याच आठवड्यात. मामंजींना तिसऱ्यांदा अर्धवट बातमी द्यायची नाही, लेकरू हातात आल्याशिवाय सांगायचं नाही, असं शुभांगीने तुमच्याकडून वदवून घेतलं होतं. आणि मी समजत होतो की ती मला टाळते. तिला मी आज चार ओळी पाठवल्या. तुम्ही विचाराल म्हणून सांगतो, क्षमा मागितली नाही. फक्त लिहिलं की पाणी पोचलं. ती तुमची लेक आहे, तिला कळेल.

श्रेयांस डिसेंबरात येत नाही, हे तुम्हाला केव्हाचंच माहीत होतं. लेकरू प्रवासाजोगं होईपर्यंत उन्हाळा उजाडेल, आणि तेव्हाही आठ-पंधरा दिवसांसाठी. पंख जोडायला तो राहणार नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक असावं, फक्त ते पत्र्याआड ठेवलं होतं. येणार नाही हे माहीत असून तुम्ही दर गुरुवारी त्या बोगद्यात शिरत होतात. कोणासाठी, ते मी विचारत नाही. हैदराबादच्या माणसाला सध्या देणं नाही म्हणून कळवलं आहे. लेकरू येईल, तिला एकदा आत बसवू. नंतर काय ते बघू.

काल संध्याकाळी धडाजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. घर तसंच रिकामं होतं, तेही खोटं लिहीत नाही. कितीतरी वेळ पत्र्यावर हात ठेवून होतो. मग मीच बाहेरून एकदा वाजवलं.

शेपटीची शेवटची ओळ अजून राहिली आहे. येत्या गुरुवारी या. विहीणबाईंचा गुडघा चालत असेल तर त्यांनाही आणा, आत काय आहे ते त्यांनी एकदा बघावं. पाणी प्यायचं नाही आणि विमानात झोपायचं हे कोणतं शास्त्र, हा त्यांचा प्रश्न आता उरला नाही.

भाकर बांधून आणू नका. आणि कांदे तर मुळीच नकोत.

तुमचा इवाई,
कांतीलाल